उपड्या कुंड्यांची रांग

बुचाचं झाड तोडून दोन वर्षं झाली, तरी ते मेलं नव्हतं.

वादळात त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आली आणि त्याच आठवड्यात झाड कापलं गेलं. मागे गुडघाभर उंचीचा बुंधा राहिला. महिन्याभरात बुंध्याच्या कडेनं फुटवे आले, ते छाटले. मग ते अंगणात निघाले. आधी गुलाबाच्या वाफ्यात, मग कपडे वाळत घालायच्या तारेखाली, मग मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. बुचाची मुळं फार खोल जात नाहीत. ती वरवर पसरतात आणि मनात येईल तिथून नवं झाड वर काढतात. एक कापला की शेजारी दोन यायचे.

घरात तिघं होती. थोरली बहीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासायची. पाकिटावरची तारीख, झाकणाची सील, गोळ्यांची पट्टी कुठं दबलेली तर नाही ना, हे दिवसभर पाहायचं आणि स्वतः पाहिल्याशिवाय एकही खोका पुढं सोडायचा नाही, हे तिचं काम. धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. लहानपणापासून सगळ्यांना हुकूम सोडत आल्यामुळे त्याला घरात फौजदार म्हणत. तो तिला तपासनीस म्हणायचा. बहिणीचं लग्न झालं नव्हतं, भावाचं टिकलं नव्हतं, आणि या विषयावर विनोद करायची परवानगी फक्त आईला होती.

बहिणीचा स्वभाव कारखान्यात कामाला यायचा आणि घरात चेष्टेला. कुलूप लावल्याची खात्री करायला ती बसथांब्यावरून परत यायची. गॅसचं बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसलं तरी हात लावून बघायची. भाऊ म्हणायचा, ताई उद्या स्वतःच्या तेराव्यालासुद्धा आधी नाडी तपासून घेईल.

फुटव्यांचा बंदोबस्त तिनं आपल्या पद्धतीनं केला. फुटवा जमिनीलगत कापायचा, त्यावर मातीची जुनी कुंडी उपडी घालायची आणि कुंडीच्या बुडाच्या भोकावर वीट ठेवायची. आत उजेड जात नाही. फुटवा आतल्या आत पांढरा पडतो, वाकडातिकडा वाढतो आणि शेवटी हार मानतो. दर सुट्टीच्या दिवशी ती एकेक कुंडी उचलून बघायची. खाली गारवा असायचा, ओल असायची, एखादी गोगलगाय चिकटलेली असायची. दोन वर्षांत अंगणभर उपड्या कुंड्या झाल्या. बघणाऱ्याला वाटायचं, इथं कुणीतरी खेळ मांडून उठून गेलंय.

मग आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडावर धातूची पट्टी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर उभं करून बजावलं की पाय जरासुद्धा वळता कामा नये. हाड धरेपर्यंत उठवायचं नाही, बसवायचं नाही, कूस बदलायची तर सिस्टर येऊन बदलतील. पट्टी सरकली तर या वयात दुसरं ऑपरेशन झेपेल की नाही, ते सांगता येणार नाही.

आईला मागच्या खोलीत ठेवलं, कारण तिथं न्हाणीघर लागून होतं. ती खोली वडिलांनी सुतारकामाच्या हौसेपायी बांधली होती. तिची जमीन म्हणजे विटांच्या खांबांवर वासे, वाशांवर फळ्या. खाली हातभर पोकळी, आणि तिच्यात वडिलांच्या वेळचा भुसा आणि रंध्याच्या सालपटांचा ढीग. तो कधीच कुणी काढला नव्हता.

पुढं आईला चाकाची खुर्ची लागणार होती. खोलीच्या दारापासून फाटकापर्यंत सपाट वाट करायची तर मध्ये बुंधा होता. बुंधा खरवडणारं यंत्र बोळात शिरेना. भावानं ठरवलं, जाळून टाकू. बहिणीनं विचारलं, मुळांचं काय. तो म्हणाला, मुळं जमिनीत असतात, विस्तव जमिनीवर.

एका रविवारी त्यानं बुंध्यात ड्रिलनं भोकं पाडली, रॉकेल मुरवलं, वर कोळसे रचले आणि तळ फोडलेलं पत्र्याचं पिंप धुराड्यासारखं ठेवून दिलं. बुंधा संध्याकाळपर्यंत जळला. शेजारचे मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. ते कुंपणावरून बघत होते. म्हणाले, विस्तव आपसूक विझला, पहिल्यांदाच असा विद्यार्थी पाहिला, जो ब्रेक न दाबता थांबला. भावानं राखेवर बादल्या ओतल्या, खड्डा मातीनं भरला, माती ठोकून पक्की केली आणि वर फरशा बसवल्या. वाट तयार झाली. आई खाटेवरूनच म्हणाली, आता मी पळतच सुटते.

त्यानंतरच्या सुट्टीत बहिणीनं कुंड्या तपासायला घेतल्या. थंडीचे दिवस होते, अंगणात अजून ऊन आलं नव्हतं. पहिल्या दोन कुंड्यांखाली नेहमीसारखं होतं. तिसरी तारेखालची. तिनं ती उचलली आणि परत खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. कुंडी आतून कोमट होती. खालची माती कोरडी, भुरभुरीत, आणि गोगलगायीचा रिकामा शंख चुरगळून पडलेला.

तिनं पुढची कुंडी उचलली. तीही कोमट. त्यापुढची जरा जास्त.

भाऊ तेव्हा बाहेर पडण्याच्या घाईत होता. तिनं त्याला हाताला धरून आणलं. त्यानं मातीवर पंजा ठेवला, उन्हानं तापलीय, म्हणाला. ती म्हणाली, इथं अजून ऊन आलेलं नाही. तो म्हणाला की मग पाण्याची टाकी जवळ आहे, मोटार तापत असेल, आणि ताई, एक दिवस तरी सुट्टी घे. मास्तरांच्या गाडीचा एसी बघायचा होता, तेवढं सांगून तो शेजारी गेला.

ती अंगणात एकटी उभी राहिली आणि तिनं कुंड्यांकडे नीट बघितलं. गुलाबाच्या वाफ्यात फुटवे अजून येत होते. त्या कुंड्या गार होत्या. तारेखालून मागच्या खोलीकडे जी रांग जात होती, तिथं गेल्या वर्षभरात एकही फुटवा आला नव्हता. त्या बाजूला तिला यश आलं होतं. या यशाचा तिला मनातून अभिमान होता. उजेड तोडून तोडून तिनं त्या बाजूचं मूळ मारलं होतं. मेलेलं मूळ वाळतं. वाळलेलं मूळ म्हणजे सरपण. बुंध्यातला विस्तव ओल्या मुळांकडे गेला नव्हता. तिनं जे वाळवून ठेवलं होतं, तेच धरून तो निघाला होता, आणि वरून फरशा बसवून भावानं त्याच्यावर झाकण घातलं होतं.

रांगेतली शेवटची कुंडी खोलीच्या भिंतीला टेकलेली होती. तिच्यावरची वीट उचलताना बोटांना चटका बसला नाही, पण हात आपोआप मागे आला.

ती आत गेली. आई जागी होती, छताकडे बघत होती. बहिणीनं विचारलं, काही वास येतोय का. आई म्हणाली, कालपासून कुणीतरी लोकर जाळतंय, मला वाटलं शेजारच्यांचं काही चाललं असेल. आणि मग कौतुकानं म्हणाली की आपला बोका किती शहाणा बघ, दोन दिवस माझ्या खाटेखालून हलत नाही.

बहीण खाली वाकली. बोका उशाच्या बाजूला फळ्यांवर पसरून झोपला होता. तिनं त्याला बाजूला सारलं आणि तिथं हात ठेवला. फळी ऊबदार होती. पण बोक्याच्या अंगाची ऊबही तशीच असते. तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. ऊब कमी होतेय की नाही, हे तिला ठरवता येईना. फळीच्या कडेला नखं लावायला जागा होती. तिथं पक्कड घातली की खिळा निघाला असता आणि मग जे काय असेल ते दिसलं असतं.

तिनं आधी अग्निशमन केंद्राला फोन लावला. तिकडचा माणूस शांत होता. धूर दिसतो का? नाही. ज्वाळा? नाही. मग त्यानं बुंध्याचं विचारलं, किती दिवस झाले, खोलीखाली काय आहे. भुसा म्हटल्यावर त्यानं पत्ता उतरवून घेतला. म्हणाला, बंब गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदामाच्या आगीवर आहे, यायला वेळ लागेल. तोवर दोन गोष्टी करा.

"खोलीतलं माणूस बाहेर काढा. आणि काही झालं तरी फळ्या उचलून बघू नका. आत हवा गेली की धुमसणारं पेटतं, आणि भुसा पेटला तर तुम्हाला दारापर्यंत जायला वेळ मिळणार नाही."

तिनं फोन ठेवला. पाहायचं नाही आणि करायचं. अशी गोष्ट तिच्या आयुष्यात कधी आली नव्हती. खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं की आतल्या आत काही होईल आणि आत थांबलं तर आपल्या डोळ्यांदेखत होईल, या दोन भीतींच्या मध्ये ती उंबरठ्यावर उभी होती. आईनं विचारलं, कुणाचा फोन होता. ती म्हणाली, कारखान्यातला.

भाऊ हाक मारल्याबरोबर आला, कारण तिनं त्याला नेहमीच्या नावानं हाक मारली नव्हती. फौजदार न म्हणता तिनं त्याचं पाळण्यातलं नाव घेतलं होतं. मागून मास्तरही आले. आईची कूस बदलायला सिस्टर नुकत्याच येऊन हात धूत होत्या. बहिणीनं सगळ्यांना स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात सांगितलं.

सिस्टर आधी म्हणाल्या की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेशंट हलवता येणार नाही. फोन लावला, डॉक्टर ऑपरेशन थिएटरात होते. पहार घेऊन भाऊ बाहेर गेला, मागोमाग बाकीचेही गेले, आणि त्यानं ती फरशांच्या फटीत घालून दाबली. पहार कोपरभर सहज आत गेली, खाली काहीच लागलं नाही. बाहेर काढली तेव्हा फटीतून दोऱ्याएवढा धूर वर आला, वाकडा झाला आणि विरला. त्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, हे इथलं आहे, बुंध्याखालचं. इथं पाणी सोडतो. खोली लांब आहे.

"रांग खोलीपर्यंत जाते," बहीण म्हणाली.

"तुझ्या कुंड्या जातात. विस्तव जातोच असं कुठंय? ताई, तिची पट्टी सरकली तर ती परत उभी राहणार नाही. कदाचित टेबलावरूनच उठणार नाही. कोमट कुंडीसाठी मी तिला उचलू?"

त्याचं चुकत नव्हतं. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर तिनंही हेच विचारलं असतं. पुरावा काय, कुणी पाहिलंय, दाखवा. मास्तर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. सिस्टरनी घड्याळ पाहिलं. आतून आईनं हाक मारली, की सगळे मिळून माझ्याशिवाय चहा पिताय काय.

बहीण म्हणाली, "मी खाटेजवळची फळी उचलून पाहिलीय. खाली लाल आहे. लगेच परत दाबून टाकली."

भावानं तिच्याकडे पाहिलं. कुलूप लागलंय असं ती म्हणाली म्हणजे लागलेलं असायचं. गोळीच्या पाकिटावर तारीख आहे असं म्हणाली म्हणजे असायची. न पाहिलेलं पाहिलं म्हणायला तिला कधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि अशी चाळीसेक वर्षं त्या एका वाक्याच्या मागे उभी होती. त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि चपला काढल्या.

खाटेला चाकं होती, पण दार खाटेपेक्षा अरुंद. गादीखालच्या जाड चादरीची चार टोकं चौघांनी धरायची ठरलं. सिस्टरनी आईच्या दोन्ही पायांमध्ये उशी घालून पाय पट्ट्यांनी बांधले. आई म्हणाली, हे काय नवीन. भाऊ म्हणाला, आई, थोडं दुखेल. आई म्हणाली, तुझं थोडं मला माहितीय.

उचललं तेव्हा ती ओरडली नाही. तिनं श्वास आत ओढला आणि तो बाहेर सोडलाच नाही, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बहीण डोक्याच्या बाजूला होती, मागे मागे चालत होती. तिला आईचा चेहरा उलटा दिसत होता. दारात आल्यावर चौघांना एका पुढं एक व्हावं लागलं, चादर कलली, आणि आईच्या कमरेतून एक बारीक आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला. कुणी थांबलं नाही. दाराशी फळ्या पायाखाली जराशा दबल्या, पण जुन्या फळ्या दबतातच. मास्तर पुटपुटत होते, सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश.

मास्तरांच्या ओसरीवर गादी टेकवली. सिस्टरनी नाडी धरली आणि रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं. आईचे ओठ पांढरे झाले होते. भाऊ तिच्या पायापाशी बसून राहिला, पायाला हात न लावता. पट्टी सरकली का, हे त्याला विचारायचं होतं, ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

बहीण कुंपणापाशी उभी राहून आपल्या घराच्या मागच्या खोलीकडे बघत होती. खोली जशीच्या तशी होती. पडदा हलत होता. धूर नाही, काही नाही. बंब आला नव्हता. आता तिला दुसरीच भीती वाटायला लागली. खाली काहीच नसेल तर? विस्तव भिंतीच्या हातभर अलीकडेच विझला असेल, फळीखाली गार भुसा असेल आणि कोळ्यांची जाळी, तर? आईच्या कमरेतला तो आवाज तिच्या एका वाक्यानं झाला होता. आपण खोली पेटण्याची वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिनं कुंपणाची तार धरली.

बंब आणि रुग्णवाहिका एकापाठोपाठच आले. आईला आत घेत होते तेव्हा भाऊ म्हणाला, तू पुढं हो, मी आलोच. पण ती गेली नाही. सिस्टर आईबरोबर गेल्या.

बंबावरच्या माणसांनी आधी बाहेरून पाइप लावून तयार ठेवला. मग त्यांच्यातला वयानं मोठा एकटाच खोलीत निघाला. कुठून सुरुवात करू, त्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, खाटेजवळ, उशाच्या बाजूला, ताईनं पाहिलंय. तो माणूस दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच फळी मोडली आणि त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. दोघांनी त्याला काखेत धरून मागे ओढलं. बुटाला काळं लागलं होतं. भोकातून आधी काहीच आलं नाही. मग हवा आत शिरली, आणि खालचा काळोख हळूहळू नारिंगी झाला.

पाणी बराच वेळ चाललं होतं. विझल्यावर त्यांनी दाराशी बॅटरी मारून दाखवलं. उंबरठ्यालगतचे दोन्ही वासे आतून जळून मनगटाएवढे उरले होते. वरची फळी रंगाच्या जोरावर उभी होती, असं बंबावरचा तो मोठा माणूस म्हणाला. मग त्यानं विचारलं, आजींना याच दारानं आणलंत? चौघं आणि वर त्या? त्यानं वासा बुटानं हलवला, तो राखेसारखा ढासळला.

बाकीच्या फळ्या त्यांनी एकेक करून उचलल्या. खाटेखाली उशाच्या बाजूला भुसा गार आणि ओलसर होता. बोका तिथं का बसत होता ते बोक्यालाच ठाऊक. भाऊ त्या जागेपाशी बसला आणि तिथून उचललेल्या फळीकडे बराच वेळ बघत राहिला. खिळ्यांच्या डोक्यांवर वडिलांच्या हातचा रंग होता. अग्निशमनवाल्यांच्या पहारेनं तो आत्ताच तडकला होता. त्याआधी तो अखंड होता.

त्यानं मान वर केली. बहीण समोर उभी होती. तो उठला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, चल.

संध्याकाळी इस्पितळात एक्स-रे आला. पट्टी जागेवर होती, एक स्क्रू सैल झाला होता. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आता चाकू लावत नाही म्हणाले, पण झोपून राहण्याचे दिवस पहिल्यापासून मोजायचे. आईला गुंगीचं औषध दिलं होतं. तिनं डोळे अर्धे उघडून विचारलं, खोली गेली का. भाऊ म्हणाला, दारापाशी गेली. आई म्हणाली, दारच गेलं तर मग राहिलं काय, आणि झोपली.

वॉर्डबाहेरच्या बाकावर दोघं बसली. बंबावरच्या मोठ्या माणसानं निघताना बजावलं होतं की असली आग पंधरवड्यानंसुद्धा दुसरीकडे डोकं काढते. मुळं आणखी कुठं कुठं गेलीत, हे त्यानं विचारलं होतं आणि तिला सांगता आलं नव्हतं. जिथं फुटवे आले तेवढ्याच जागा तिला ठाऊक होत्या. जिथं मूळ गेलं पण फुटवा कधी आलाच नाही, अशी जागा स्वयंपाकघराखाली असू शकत होती, तिच्या स्वतःच्या खोलीखाली, मास्तरांच्या ओसरीखाली.

परिचारिका कागद घेऊन आली. एवढं स्थिर राहिलं तर परवा सोडू म्हणाली, घरी व्यवस्था आहे ना, खाट कुठं लावणार आहात?

भाऊ सवयीनं उत्तर द्यायला पुढं झाला. मग थांबला आणि बहिणीकडे वळला.

"तू सांग," तो म्हणाला. "कुठं लावायची?"

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. ती जे म्हणेल ते तो मानणार होता. तिनं मनातल्या मनात घरातून एक फेरी मारली, एकेका खोलीत वाकून जमिनीला हात लावला, आणि परिचारिका पेन उघडून वाट बघत असताना तिला एकही खोली सांगता आली नाही.